कराराचा नमुना देते, पण आधी पेठला जाऊन या

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही नाशिकच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात फिजिशियन आहात, अमेरिकेत दोन वर्षं फेलोशिप करून परत आलात. आता शहरातली तीन हॉस्पिटलं आणि आजूबाजूची ग्रामीण रुग्णालयं मिळून सर्पदंश आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन करणारा प्रादेशिक गट उभा करायचा आहे. तिकडे ‘सीटीएसए’चं, म्हणजे संशोधनाला कायमची यंत्रणा पुरवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचं, जाळं पाहिलंत, तसं इथे का असू नये, असं तुम्हाला वाटतं. विचारलंय मात्र दोनच गोष्टींबद्दल: सामंजस्य कराराचा नमुना कुठे मिळेल, आणि पुण्या-मुंबईतली कोणती मोठी संस्था सोबत घ्यावी.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. बी.फार्म. करून क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून लागले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. संमतिपत्रांवर सह्या-अंगठे घेणं, नमुने ड्राय आइसमध्ये घालून कसारा घाटातून मुंबईला पाठवणं, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या सभेला वकील सदस्य येणार की नाही हे आदल्या रात्री फोन करून विचारणं, हे माझं काम. अनेक केंद्रांत मिळून चालणारे पाच अभ्यास जवळून पाहिले. दोन नीट पार पडले, एक रडतखडत संपला, आणि दोन तर करारावर सह्या झाल्या त्या दिवशीच संपले होते. ते आम्हाला कळायला वर्ष लागलं, एवढंच.

त्या दोन्हींचे करार सुंदर होते. जाड कागद, दोन्हीकडचे शिक्के, शाल-श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो. म्हणून नमुना मागितलात तेव्हा मला जरा धास्तीच वाटली. नमुना देईन, त्यात काही अवघड नाही. पण तुमची खरी अडचण कागदाची नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पेठ किंवा सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रात रात्री अडीच वाजता सर्पदंशाचा रुग्ण आल्यावर तिथला एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, तुमचा फॉर्म का भरेल, ही तुमची अडचण आहे. त्याच्या हातात तेव्हा सलाइन असतं, दाराशी पंधरा नातेवाईक असतात, आणि जोडीला एकच सिस्टर. त्या फॉर्मचं उत्तर सापडलं की कराराचं बघता येईल.

आधी अमेरिकेचं. ‘सीटीएसए’ हा कार्यक्रम तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २००६ मध्ये सुरू केला. त्यात पैसा मिळतो तो मुख्यतः यंत्रणेसाठी: संख्याशास्त्रज्ञ, कोऑर्डिनेटर, डेटाबेस, प्रशिक्षण. एखादा अभ्यास संपला तरी माणसं जागेवर राहतात. आपल्याकडे पैसा प्रकल्पाला मिळतो. प्रकल्प तीन वर्षांचा, कोऑर्डिनेटर तीन वर्षांचा, आणि चौथ्या वर्षी तो मुलगा कंपन्यांसाठी चाचण्या चालवणाऱ्या एखाद्या सीआरओत पुण्याला गेलेला असतो. त्यामुळे तिथला आराखडा इथे जसाच्या तसा आणला तर खुर्च्या मांडल्या जातील, बसायला कोणी नसेल. आपल्याला लहानापासून सुरुवात करावी लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं, ते कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी. १९८६ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे २०११ मध्ये नुसतं प्राझोसिन आणि प्रतिविषासह प्राझोसिन यांची तुलना करणारी चाचणी बीएमजेमध्ये आली. प्रश्न त्यांच्या ओपीडीच्या दारातून आत आला होता, कुठल्या परिषदेत ठरला नव्हता.

तर मग तुमच्या दारातून कोण येतं? मी म्हणेन, दोन विषय एकदम घेऊ नका. सर्पदंश घ्या. सिकलसेल नंतर, त्याचं कारण पुढे येईल.

सर्पदंशाचा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या मागोमाग चाला. भाद्रपदातली रात्र, सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर जमिनीवर झोपलेला माणूस. मण्यार चावली असेल तर कळतही नाही. खूण दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे म्हणतात पित्त झालं. तासाभराने पापण्या जड होतात, तेव्हा कोणीतरी भगताला बोलावतं. मग जीप शोधतात, किंवा १०८ ला फोन लागतो, नेटवर्क असेल तर. मग प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी), तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून नाशिकचं सिव्हिल किंवा तुमच्यासारखं हॉस्पिटल. आणि सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांत तर माणूस नाशिककडे येतच नाही, धरमपूर-वलसाडकडे जातो. २०२२ मध्ये त्याच पट्ट्यातल्या काही गावांनी आम्हाला गुजरातमध्ये घ्या म्हणून मागणी केली होती, आठवत असेल. रस्ता आणि दवाखाना ही त्यातली मोठी तक्रार होती.

आता या वाटेवर जे जे उभे आहेत, ते तुमचे भागीदार. भगत, आशाताई, १०८चा ड्रायव्हर, पीएचसीतला एमओ, ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर, तुमच्या आयसीयूतला रेसिडेंट, आणि सीमेपलीकडचा गुजरातमधला डॉक्टर. शहरातली बाकीची दोन हॉस्पिटलं, ज्यांच्यापासून तुम्ही सुरुवात करायला निघालात, ती या वाटेवर अगदी शेवटी येतात. नाशिकच्या तीन हॉस्पिटलांनी एकत्र येऊन अभ्यास केला तर तुम्हाला फक्त पोहोचलेले रुग्ण दिसतील. वाटेत गेले ते दिसणार नाहीत. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा जो अंदाज आहे, तो घरोघरी जाऊन केलेल्या मृत्यूंच्या चौकशीवरून निघालाय, हॉस्पिटलच्या रजिस्टरवरून नाही. रजिस्टरवरचा आकडा त्याच्या जवळपासही जात नाही.

भगताचं नाव घेतलं म्हणून हसू नका. आमच्या एका अभ्यासात आम्ही त्याला सोडून द्यायला सांगितलं नाही, कारण तो सोडणार नव्हता. एवढंच म्हटलं, बाबा, तुझं जे करायचं ते कर, पण गाडी येईपर्यंतच कर, आणि माणूस किती वाजता तुझ्याकडे आला ते या पोरीला सांग. पोरगी म्हणजे आशाताई. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. पण ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडून मिळालेली वेळ हॉस्पिटलातल्या कुठल्याही कागदावर मिळाली नसती.

पुढचा भाग अनुभवाचा. फॉर्म भरणाऱ्याला त्यातून त्याच आठवड्यात काहीतरी परत मिळालं पाहिजे. दोन वर्षांनी निघणाऱ्या पेपराशी पीएचसीतल्या एमओला काही देणंघेणं नसतं. त्याला हवा असतो रात्री फोन उचलणारा माणूस. ‘रक्त गोठत नाहीये, दहा कुप्या दिल्या, आता पुन्हा देऊ की रेफर करू?’ या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर देणारा फिजिशियन. तुम्ही आणि तुमच्यासारखे आणखी तिघं-चौघं पाळी लावून पावसाळ्याचे चार महिने तो फोन उचलणार असाल, तर फॉर्म आपोआप भरले जातील. त्या फोनवरच अर्धा फॉर्म भरून होतो. नसाल, तर कितीही प्रशिक्षण शिबिरं घ्या, चहा-बिस्किटं संपली की शिबिर संपतं. दुसरी गोष्ट, रेफर केलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते त्या केंद्राला कळवा. एक मेसेज पुरतो. पीएचसीतल्या डॉक्टरांना ते कधीच कळत नाही, आणि त्याची त्यांना खंत असते.

सरकारी परवानगीत नवखा माणूस हमखास अडकतो. नाशिक जिल्ह्यात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, म्हणजे सीएस साहेबांकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. महापालिकेची रुग्णालयं तिसऱ्याच खिडकीवर. पेठला ग्रामीण रुग्णालय आणि जवळची पीएचसी यांच्यात अंतर थोडं असेल, पण कागदोपत्री ती दोन वेगळी राज्यं आहेत. एका पत्राने दोन्हीकडे काम होत नाही. पत्र दोन्ही ठिकाणी द्या, एकाच दिवशी द्या, आणि एकाच्या पत्रात दुसऱ्याला प्रत दिल्याचा उल्लेख करा. कोणाला आधी विचारलं यावरून रुसवे झालेले मी पाहिलेत.

आणि बदल्या. करार पदाशी करा, नावाशी नको, हे सगळेच सांगतात, बरोबरही आहे. पण साहेब बदलून गेले की कराराची फाइल कपाटात जाते आणि नवे साहेब म्हणतात, बघू. यावर माझा उपाय साधा आहे: प्रत्येक केंद्रात एक असा माणूस शोधायचा जो बदलून जाणार नाही, किंवा उशिरा जाईल. फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, कधी वॉर्डातले मामा. लस किती उरली आणि रात्री कोण आलं होतं हे त्यांना तोंडपाठ असतं. प्रशिक्षण त्यांना द्या, मानधन त्यांच्यापर्यंत पोहोचेल असं बघा, आणि नाव त्यांचंही लिहा.

आता नियमांचं. इथे बरंच काही तुम्ही नक्की काय करणार आहात त्यावर अवलंबून आहे. नुसतं निरीक्षण करणार असाल, म्हणजे कोण कधी आलं, काय दिलं, काय झालं, तर वाट त्यामानाने सरळ आहे. नवं औषध, नवं प्रतिविष किंवा नवा डोस तपासणार असाल, तर २०१९ चे ‘नवी औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियम’ लागू होतात आणि खेळ बदलतो. त्या नियमांत एक कलम आहे, जे नाशिकसाठी फार महत्त्वाचं आहे. चाचणीच्या ठिकाणी स्वतःची एथिक्स कमिटी नसेल तर दुसऱ्या केंद्राची किंवा स्वतंत्र कमिटी चालते, पण ती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या परिघात हवी. नकाशावर कंपास ठेवून बघा. नाशिकमधून पेठ त्या वर्तुळात येतं, इगतपुरी येतं. सुरगाणा बाहेर, कळवण बाहेर, मालेगाव तर फारच बाहेर. म्हणजे जिथे साप जास्त, तिथे तुमच्या कमिटीचा हात पोहोचत नाही. औषधाची चाचणी असेल तर हे आधी सोडवा, मग प्रस्ताव लिहा. पुन्हा, गंभीर प्रतिकूल घटना २४ तासांत कळवायची असते. ज्या पाड्यावर फोनला रेंज नाही तिथे ती कोण कळवणार? आणि इजा झाली तर उपचाराचा व भरपाईचा खर्च कोणत्या संस्थेचा, हे करारात एका वाक्यात नसेल तर वेळ आल्यावर सगळे छताकडे बघतात.

निरीक्षणात्मक अभ्यासाला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आधार देतात. कमी जोखमीच्या बहुकेंद्री अभ्यासात एका कमिटीने मुख्य परीक्षण करायचं आणि बाकीच्यांनी स्थानिक बाबी बघायच्या, अशी सोय त्यात आहे. तिचा उपयोग करा, नाहीतर पाच कमिट्यांच्या पाच दुरुस्त्यांनी संमतिपत्राच्या पाच आवृत्त्या होतात. तुमच्या कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे का, ते तपासा. औषध चाचणीसाठीची सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची, नोंदणी वेगळी. एक आहे म्हणजे दुसरी आहेच असं नाही. सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत अभ्यासाचं नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, पण पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदवा. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी बंद झाली आहे.

संमतिपत्राची भाषा हा माझा जुना हट्ट. मुंबईहून येणारी मराठी संमतिपत्रं वाचली की मला शाळेचं निबंधाचं पुस्तक आठवतं. ‘सदर अभ्यासात आपला सहभाग ऐच्छिक असून’ हे वाक्य सुरगाण्यात कोकणा बोलणाऱ्या बाईला सांगून बघा. सटाण्याकडे अहिराणी, मालेगावात उर्दू. लेखी मसुदा प्रमाण मराठीत ठेवा, पण सांगणारा माणूस त्या बोलीचा हवा, आणि अंगठा असेल तर साक्षीदार आपल्या स्टाफमधला नको. सर्पदंशात रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसतो, तेव्हा नातेवाइकाची संमती आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाची पुन्हा संमती, हे प्रोटोकॉलमध्येच लिहा.

इथवर मी म्हटलं ते असं: विषय एकच घ्या, रुग्णाच्या वाटेवरची माणसं जोडा, त्यांना लगेच काही परत द्या, आणि नियम कुठे आडवे येतात ते नकाशावर बघा. आता मोजमापाकडे, कारण भागीदारीतला सगळ्यात नाजूक भाग तिथे आहे.

वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी तुम्हाला ठाऊक आहे. दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायची. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर गोठत नाही. इतकी सोपी की कोणी प्रशिक्षणाची गरज मानत नाही. आमच्या एका केंद्रातून मात्र ‘गोठत नाही’ असे निकाल भराभर यायला लागले. आम्हाला वाटलं, त्या भागात घोणस जास्त असावेत. मी स्वतः गेले तर नळ्या प्लॅस्टिकच्या. काचेच्या संपल्या होत्या, मागणी अडकली होती, लॅबवाल्याने हाताशी होत्या त्या वापरल्या. प्लॅस्टिकमध्ये रक्त नीट गोठतच नाही. दुसऱ्या एका ठिकाणी नळ्या काचेच्याच, पण मावशी त्या साबणाच्या पावडरीने चकचकीत धुवायच्या. पावडरीचा अंश राहिला तरी निकाल चुकतो. त्या दिवसापासून मी सगळ्या केंद्रांच्या नळ्या एकाच दुकानातून घेते, कोऱ्या, एकदा वापरायच्या आणि फेकायच्या. खर्च किरकोळ. पण तो कोणाच्याच बजेटमध्ये नसतो, कारण बजेट लिहिणाऱ्याने नळी धुताना पाहिलेली नसते.

अशीच गोष्ट वेळेची. ‘दंशाची वेळ’ या रकान्यात निम्म्या कागदांवर केस पेपर काढल्याची वेळ असते. डेटाबेस किती भारी यावर काही ठरत नाही, रकान्याचा अर्थ सगळ्यांना एकच कळतो का यावर ठरतं. चार केंद्रांत तीन महिने नुसती नोंद घ्या, मग सगळ्यांना एकत्र बसवून तेच पंचवीस-तीस कागद मोठ्याने वाचा. भांडणं होतील. होऊ द्या.

एक सावधगिरी: केस पेपरचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायची सवय सगळ्यांना आहे, त्यावर नाव, गाव, आधार क्रमांक सगळं असतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, तेव्हा सांकेतिक क्रमांक द्या आणि नाव झाकून फोटो काढायला शिकवा. फोन-सल्ल्याचा ग्रुप आणि संशोधनाची नोंद वेगळी ठेवा.

पैशाचं थोडक्यात सांगते. ट्रस्ट हॉस्पिटलला सरकारी संशोधन अनुदान हवं तर डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, ‘सायरो’ (संशोधन संस्था) ही मान्यता लागते. ती नसेल तर आजच अर्ज करा, किंवा ज्या भागीदाराकडे आहे त्याला पुढे करा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा सीएसआर मिळू शकतो, पण तो यंत्राला मिळतो, पगाराला क्वचित. उणे ऐंशीचा फ्रीझर सीएसआरमधून आला आणि जनरेटरच्या डिझेलला पैसे नाहीत, असं दृश्य मी पाहिलंय. फ्रीझर मागण्याआधी विजेचा प्रश्न विचारा. आणि केंद्रांना पैसे देताना ‘प्रकल्पाच्या शेवटी’ हा शब्द वापरू नका. दर महिन्याला, पूर्ण भरलेल्या फॉर्ममागे, ठरलेली रक्कम.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर, मोठी संस्था कोणती. माझं उत्तर: सगळ्यात शेवटी ठरवा. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या संस्थेसोबत आम्ही दोन पावसाळे काम केलं. प्रश्न त्यांचा, फॉर्म त्यांचा, नमुनेही त्यांच्याकडे. आमच्या तीन डॉक्टरांनी रात्री जागून रक्त काढलं. पेपर आला तेव्हा आमची नावं आभारांत होती, त्यातलं एक चुकीचं छापलेलं. आम्ही विचारलं तर म्हणाले, लेखक होण्याचे आंतरराष्ट्रीय निकष असतात, लिखाणात सहभाग हवा. निकष खरे आहेत. पण लिखाणात सहभागी व्हायला मसुदा तर पाठवायला हवा ना. त्यानंतर मी एक कागद केला, तो करारापेक्षा आधी सही होतो. त्यात चार गोष्टी असतात: माहितीची एक पूर्ण प्रत नाशिकमध्ये राहील, उरलेले नमुने दुसऱ्या कामाला वापरायचे तर विचारून, प्रत्येक केंद्रातल्या एकाला मसुदा वाचायला आणि त्यावर लिहायला पुरेसा वेळ मिळेल, आणि आम्ही आमच्या माहितीवर आमचा प्रश्न घेऊन वेगळा पेपर लिहू शकू. चांगल्या संस्था यावर सही करायला एक दिवस घेतात. जी दोन महिने घेते, तिच्याबद्दल तुम्हाला हवं ते कळलेलं असतं.

मोठ्याची गरज कुठे लागते तेही खरं सांगते. आपल्याकडे चार मुख्य सापांवरचं जे एकत्रित (पॉलिव्हॅलंट) प्रतिविष वापरतात, त्यासाठीचं विष प्रामुख्याने तमिळनाडूतल्या इरुला सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलंय की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. मग सुरगाण्याच्या घोणसावर ते प्रतिविष किती चालतं, हा प्रश्न तुमच्या रुग्णांच्या रक्तातून सुरू होतो आणि त्यांच्या प्रयोगशाळेत संपतो. रुग्णापासून प्रयोगशाळेपर्यंतचं ‘ट्रान्सलेशनल’ संशोधन म्हणतात ते हेच. पण त्यांच्याकडे जायचं तर हातात एक पावसाळ्याची स्वच्छ नोंद हवी: कोणता साप, किती वाजता, किती कुप्या, रक्त केव्हा गोठलं. तेवढं घेऊन गेलात तर तुम्ही भागीदार म्हणून बसता. नुसता करार घेऊन गेलात तर नमुने पुरवणारे होता.

नाशिकला एक सोय आहे जी कोणी नीट वापरत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे, म्हसरूळला आहे. राज्यभरातल्या एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध करावा लागतो. प्रत्येक जण शंभर रुग्ण गोळा करतो, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, आणि तीन वर्षांनी बाइंडिंग करून सगळं ग्रंथालयात. तुमच्या गटातल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या दोन गाइडना पटवा की पुढची तीन वर्षं सर्पदंशावरचे प्रबंध एकाच फॉर्मवर होतील. मेडिसिनचा विद्यार्थी उपचार बघेल, पीएसएमचा (सामाजिक वैद्यकशास्त्राचा) वाटेतला उशीर, फोरेन्सिकचा मृत्यू. विद्यार्थ्यांना विषय मिळतो, तुम्हाला फुकट मनुष्यबळ. फुकट म्हटलं तरी देखरेख लागतेच, ती कोऑर्डिनेटरने करायची.

सिकलसेल मागे का ठेवला? १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. तपासण्या होतात, कार्डंही वाटली जातात. राहतो तो प्रश्न म्हणजे आजार निघालेलं मूल हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतं का, आणि घेत नसेल तर का नाही. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी कमी डोसही आपल्या मुलांना गुणकारी ठरतो असं दाखवलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण तो अभ्यास म्हणजे एका मुलामागे पाच-सात वर्षं चालणं, आणि पावसाळा संपला की आईबाप द्राक्षबागांत नाहीतर ऊसतोडीला निघालेले. नवखा गट त्यात दमतो. सर्पदंशाचा रुग्ण आठवड्यात बरा होऊन घरी जातो किंवा जात नाही. पहिल्या पावसाळ्यातच तुम्हाला कळतं की तुमची माणसं एकत्र काम करू शकतात का. जमलं तर तीच माणसं, तेच फोन, तीच आशाताई सिकलसेलला. तेव्हा मुंबईला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेशी बोला, चंद्रपूरला त्यांचं केंद्रही आहे.

केंद्र सरकारची सर्पदंशाची कृती योजना मार्च २०२४ मध्ये आली, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे असं तिच्यात आहे. त्याच वर्षाअखेर राज्यांना सर्पदंश नोंदणीयोग्य आजार करा असं सांगण्यात आलं. म्हणजे तुमचा अभ्यास आणि सरकारी नोंद एकाच कागदावर बसवता आली तर सीएस साहेबांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना नाही म्हणायला कारणच उरत नाही. पत्रात हे पहिल्या परिच्छेदात लिहा.

करारनामा आणि तो चार मुद्द्यांचा कागद मी पाठवते. पण त्याआधी एखाद्या रविवारी गाडी काढा, सावळघाट ओलांडून पेठला जा. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीच्या सिस्टरना भेटा आणि सर्पदंशाचं रजिस्टर मागून घ्या. मागच्या पावसाळ्याची पानं उघडा. दंशाची वेळ आणि दवाखान्यात आल्याची वेळ असे दोन रकाने वेगळे आहेत का बघा. असले, तर ते ज्याने आखलेत त्याचं नाव लिहून आणा. नसले, तर सोबत पट्टी आणि पेन न्या.